खिळे जुळवणारे हात

महोदय,
'दर्पण' या पहिल्या मराठी वृत्तपत्राचा पहिला अंक १८३२ साली निघाला, म्हणून ६ जानेवारीला पत्रकारांचे सत्कार होतात. व्हायलाच हवेत. पण छापखान्यातल्या माणसांना कोण बोलावतं?

माझे वडील तालुक्याच्या साप्ताहिकात कंपोझिटर होते, म्हणजे छपाईसाठी धातूच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. रात्री घरी यायचे ते रॉकेलचा वास आणि काळी बोटं घेऊन. खिळे उलटे वाचायची इतकी सवय, की समोर बसून आमच्या वहीतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायचे. वही सरळ करून दिली तर चिडायचे! कुणाच्या निधनाची बातमी असली, की 'कै.' सगळ्यात शेवटी लावायचे. का, ते कधी बोलले नाहीत.

खिळे न लागणारी ऑफसेट छपाई आली, खिळे भंगारात गेले. त्यांनी 'ळ' तेवढा खिशातून आणला. अजून आमच्या देवघरात आहे.

– एक वाचक, वाई