'ऑब्टेन अँग्री'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी नात आयईएलटीएसची, म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्यायच्या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करते आहे. तिच्या क्लासने चार पानांची यादी दिली आहे. डावीकडे 'साधा' शब्द, उजवीकडे 'फॉर्मल'. गेटला ऑब्टेन, हेल्पला फॅसिलिटेट, पॅरंट्सना चक्क प्रोजेनिटर्स! यादी घोकून पोरीने निबंध लिहिला आणि मला वाचायला दिला. मोबाइल काढून घेतला की 'चिल्ड्रन ऑब्टेन अँग्री', असं त्यात होतं. म्हणजे मुलं राग संपादन करतात. मी हसलो, ती रडवेली झाली. चूक माझीच.

जड शब्दांशी माझं वैर नाही; सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळण्यात माझी नोकरी गेली. आमच्या बडोद्यात तर १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' निघाला. एका इंग्रजी शब्दासमोर अनेक भाषांतले प्रतिशब्द, कारभारात कुठला वापरायचा याचा घोळ होऊ नये म्हणून. नेमकेपणासाठी केवढा तो खटाटोप! क्लासच्या यादीत मात्र शब्द कुठे बसतो, याचं एकही उदाहरण नाही.

नात देते ती अ‍ॅकॅडमिक, म्हणजे उच्च शिक्षणासाठीची परीक्षा. तिच्यात लेखनाच्या दोन प्रश्नांना मिळून ६० मिनिटं. दुसरा प्रश्न किमान २५० शब्दांच्या निबंधाचा, त्याला पहिल्याच्या दुप्पट वजन. शब्दसंपत्ती हा चार निकषांपैकी एक, आणि तिथेही शब्द चपखल आहे का हे बघतात. किड्सचं चिल्ड्रन केलं, डोन्टचं डू नॉट, 'गेट अँग्री'चं 'बिकम अँग्री', की बरंचसं काम झालं. प्रोजेनिटर्सना घरी बसू द्यावं.

शेजारचा मुलगा कॅनडासाठी याच परीक्षेचा दुसरा प्रकार, जनरल, देतो आहे. तिथे पहिला प्रश्न पत्राचा. मित्राला राहायला बोलवायचं होतं. याने 'आय अ‍ॅम रायटिंग टू इन्फॉर्म यू'ने सुरुवात केली. तोच क्लास, तीच यादी! आमच्या शाळेत धाकट्या भावाला 'ती.' लिहिलं की मास्तर कान पिळत. कोणाला कसं लिहायचं, हे मायन्यापासूनच कळत असे. ही मुलं इंग्रजी माध्यमातली, त्यांना मायना कोण शिकवणार?

क्लासवाल्यांनी निदान प्रत्येक शब्दापुढे एक वाक्य छापावं. तूर्त नातीच्या यादीत ती वाक्यं मीच पेन्सिलीने लिहितो आहे. एक पान झालं, तीन बाकी आहेत आणि परीक्षा येत्या शनिवारी आहे.

आपला,
एक निवृत्त कारकून,
दांडिया बाजार, बडोदे