वापरलेल्या इन्सुलिन सुयांबाबत ज्येष्ठ नागरिक संघाचं आवाहन

सर्व सभासद आणि परिसरातील रहिवाशांना सप्रेम नमस्कार.

आपल्या संघात इन्सुलिन घेणारे बरेच आहेत. इन्सुलिन टोचायच्या पेनची वापरलेली सुई कुठे टाकता, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच : सुक्या कचऱ्यात. गेल्या महिन्यात दुधाच्या पिशव्या वेगळ्या काढताना घंटागाडीवरच्या एका ताईंच्या तळहातात अशीच सुई घुसली. ४ मिलिमीटरची, केसासारखी बारीक सुई पिशवीच्या घडीत दिसणार कशी? हातमोजे होते, पण पातळ रबराचे.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या, म्हणजे त्या वेगळ्याच द्यायच्या. सुई वापरणाऱ्या रुग्णाला हिपॅटायटिस बी (रक्तातून पसरणारी कावीळ) असेल आणि ज्याला सुई टोचली त्याने लस घेतलेली नसेल, तर लागणीची शक्यता शंभरात ३० पर्यंत जाते. एचआयव्हीची हजारात ३ च्या आसपास. हे आकडे दवाखान्यातल्या ताज्या रक्ताच्या सुयांचे. कचऱ्यातल्या बारीक सुईचा धोका त्याहून कमीच. पण हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर सात दिवसही तग धरतो, आणि बाळांना ही लस देशभर मिळू लागली तोवर आजचे बहुतेक सफाई कामगार मोठे झाले होते.

म्हणून संघ वर्गणी गोळा करत आहे. पहिला खर्च आपल्या भागातल्या घंटागाडी कामगारांच्या लसीचा : तीन डोस, दुसरा पहिल्यानंतर महिन्याने, तिसरा पहिल्यानंतर सहा महिन्यांनी. त्यांच्यासाठी जाड हातमोजेही घ्यायचे आहेत.

दुसरा खर्च सुरक्षा-झाकणाच्या सुयांचा. इंजेक्शन देऊन पेन उचललं की यातलं झाकण आपोआप सुईवर सरकतं आणि तिथेच अडकून बसतं. काही सुयांमध्ये पेनकडचं मागचं टोकही झाकलं जातं. तेही टोचतं, हे आपल्यापैकी कितीजणांच्या लक्षात येतं? या सुया साध्या सुयांपेक्षा महाग आहेत. त्यामुळे ज्यांना सून, मुलगी किंवा आयाबाई इंजेक्शन देतात, अशा अंथरुणावरच्या सभासदांना त्या आधी देऊ. दुसऱ्याला टोचलेल्या सुईवर हाताने टोपण बसवताना बोटाला सहज इजा होते. दवाखान्यात नर्सना टोपण परत लावू नका असं बजावतात, ते याचसाठी.

स्वतःच टोचून घेणाऱ्यांनी बाहेरचं मोठं टोपण टेबलावर ठेवावं, पेन वरून त्यात घालावं आणि फिरवून सुई काढावी. आतलं छोटं टोपण परत लावायच्या फंदात पडू नये. (एकच सुई आठवडाभर चालवणाऱ्या काटकसरी मंडळींशी वेगळं बोलायचं आहे.)

काढलेली सुई कपडे धुण्याच्या लिक्विडच्या रिकाम्या, जाड बाटलीत टाका. पाण्याची बाटली नको, ती चेपते आणि सुई बाहेर येते. बाटलीवर मार्करने ‘सुया’ लिहा. पाऊण भरली की बूच चिकटपट्टीने बंद करून कार्यालयात आणून द्या. जवळच्या एका रुग्णालयाने या बाटल्या आपल्या जैववैद्यकीय कचऱ्यासोबत पाठवायची तयारी दाखवली आहे. रिकाम्या बाटल्या जास्तीच्या असतील तर त्याही हव्या आहेत.

तरीही कुणाला सुई टोचलीच, तर जखम दाबू नका, चोखू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुऊन लगेच सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. आपल्या घरी येणाऱ्या कामवाल्या मावशींनाही हे सांगून ठेवा.

वर्गणी कितीही चालेल. कार्यालयात संध्याकाळी ५ ते ७ स्वीकारली जाईल, पावती जागेवर मिळेल आणि जमाखर्च फलकावर लागेल. परिसरातल्या डॉक्टरांनी लस टोचण्यासाठी एखादा रविवार द्यावा, ही खास विनंती. ज्यांना जिना उतरणं जमत नाही, त्यांनी निरोप द्यावा. बाटली घरून नेण्याची सोय केली आहे.

– कार्यकारी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ