टाऊनशिपमध्ये सगळे आहे, बस तेवढी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्तमानपत्रांच्या वास्तू पुरवण्यांत ‘स्वयंपूर्ण टाऊनशिप’ची पानभर वर्णने असतात. पोहण्याचा तलाव, क्लबहाऊस, जॉगिंग ट्रॅक, चोवीस तास सुरक्षा. यातले काहीच खोटे नाही. हिंजवडीच्या पुढे, माणच्या बाजूला अशाच एका टाऊनशिपमध्ये मी मुला-सुनेकडे राहते. लाईट गेली तरी जनरेटरमुळे पंखा थांबत नाही, भाजी दारात येते, लहान मुले खाली बिनधास्त खेळतात. साताऱ्याच्या घरी हे सुख नव्हते आणि ते कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही.

अडचण इतकीच, की मला गाडी चालवता येत नाही.

आतला रस्ता सावलीचा, दोन्ही बाजूंना पदपथ, जागोजागी बाकडी. मुख्य गेट ओलांडले की पदपथ संपतो. पुढे मुरूम, उघडी गटारे, अंगावर येणारे काँक्रीटचे ट्रक आणि मेट्रोचे खांब. यातून वाट काढत बसथांबा गाठायचा. थांबा म्हणजे खांबाला लावलेली पाटी, वर शेड नाही. साताऱ्याहून मी महिला सन्मान योजनेत अर्ध्या तिकिटावर एसटीने स्वारगेटला येते. तिथून घरी यायला कॅबवाला त्या तिकिटाच्या कितीतरी पट पैसे घेतो, आणि ठिकाण कळले की पुष्कळदा राईड रद्दच करतो. माझा नातू नववीत आहे. विमानप्रवास त्याला नवा नाही, पण पीएमपीचे, म्हणजे पुण्याच्या शहर बसचे, तिकीट त्याने कधी हातात धरलेले नाही. बावधनच्या मित्राकडे जायचे तरी आई-बाबांपैकी कोण मोकळे आहे ते आधी बघावे लागते. एवढ्या मोठ्या मुलाला कुणीतरी नेऊन सोडायचे आणि परत आणायचे, यात कुणाला काही वावगे वाटत नाही.

सकाळी आठच्या सुमारास मी बँकेच्या कामाला बाहेर पडले, की समोरून कामाला येणाऱ्या बायका भेटतात. गेटवर अॅपमध्ये हजेरी लागते आणि संध्याकाळी परतताना पिशवी उघडून दाखवावी लागते. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताई थेरगावच्या. त्यांना एक बस बदलावी लागते, म्हणजे जाताना दोन आणि येताना दोन तिकिटे. जून 2025 पासून पीएमपीचे पाच रुपयांचे किमान तिकीट दहाचे झाले, तेव्हा त्यांनी माझ्यासमोरच बोटांवर महिन्याचा हिशेब केला आणि दुपारच्या घरचे एक काम सोडून दिले. त्याच महिन्यात हिंजवडीचे रस्ते नदीसारखे वाहत होते. सगळ्या वाहिन्यांनी गाड्या बुडालेल्या दाखवल्या. ताई साडी गुडघ्यापर्यंत खोचून त्याच पाण्यातून चालत आल्या होत्या. त्या दिवशी आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चर्चा काय, तर हल्ली या बायका वेळ अजिबात पाळत नाहीत!

आम्ही काही ज्येष्ठांनी मिळून सोसायटीच्या समितीला एक अर्ज दिला. बस आतल्या चौकापर्यंत आणावी, अशी विनंती सोसायटीतर्फे पीएमपीला करावी, एवढेच त्यात लिहिले होते. त्यावर मोठी सभा झाली. रस्ते आपल्या मेंटेनन्समधून होतात, धूर होईल, फ्लॅटचे भाव पडतील, असे एकेक निघाले. आणि सगळ्यात मोठा मुद्दा म्हणजे बाहेरचे लोक आत येतील. परदेशात बरीच वर्षे काढून आलेले एक गृहस्थ लिफ्टमध्ये तिथल्या ट्रेन-बसचे गोडवे गात असतात. विरोधात पहिला हात त्यांचाच वर गेला. बाहेरचे लोक म्हणजे कोण, असे मी विचारले. रोज शंभरांनी बाहेरचे लोक आत येतातच, आणि त्यांतल्या कित्येकींकडे आपण घराची किल्लीही देतो. उत्तर आले नाही, विषय पुढच्या सभेवर गेला.

मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले, त्यामुळे नियम वाचायची खोड आहे. राज्य सरकारने 2004 मध्ये विशेष नगर वसाहतींचे धोरण आणले. किमान शंभर एकर जागा असेल तर शेतजमिनीला बिगरशेती परवानगीची सवलत, मुद्रांक शुल्कात सवलत, असे बरेच काही त्यात होते. बदल्यात रस्ते, पाणी, सांडपाण्याची सोय विकासकाने स्वतःच्या खर्चाने करायची. सार्वजनिक सोयींच्या यादीत पोलीस ठाणे आणि अग्निशमन केंद्राबरोबर बसस्थानकही आहे. म्हणजे अशा वसाहतींत बस येणार, हे सरकारने तेव्हाच गृहीत धरले होते. आमच्या विक्रीच्या जुन्या नकाशात गेटजवळ ‘बस-बे’, म्हणजे बस थांबायची जागा, असा पिवळा चौकोन आहे. प्रत्यक्षात तिथे पाहुण्यांच्या गाड्या लागतात.

गेटबाहेरचा रस्ता कुणाचा, हे शोधणे त्याहून कठीण. या पट्ट्यात ग्रामपंचायत आहे, एमआयडीसी आहे, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आहे आणि शेजारीच महापालिकेची हद्द. पदपथाचा अर्ज घेऊन गेले तर एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवले आणि दुसऱ्याने तो आवक-जावक शिक्का मारून ठेवून घेतला. रहिवासी म्हणून आम्हीही कमी नाही. पाणी कमी आले की टँकर, रस्ता खराब झाला की मोठी गाडी, असे पैशाने प्रश्न सुटतात, म्हणून मोर्चात कुणी दिसत नाही. ग्रामसभेला तर आमच्या टॉवरमधले कुणी गेल्याचे ऐकलेले नाही. मतदारयादीत तरी किती जणांची नावे इथली आहेत, देव जाणे.

आपल्या वर्तमानपत्रातून संबंधितांपर्यंत एवढे पोचावे, की विकासकाला भोगवटा प्रमाणपत्र देताना नकाशातला बसथांबा जागेवर आहे का, हे तपासावे. माण ते शिवाजीनगर ही 23 किलोमीटरची मेट्रो स्थानकापर्यंत नेईल, पण स्थानकापासून घरापर्यंत छोट्या बस लागतीलच. त्यांना टाऊनशिपची गेटे अडवू शकणार नाहीत, असा आदेश आधीच निघावा. आणि या पावसाळ्याआधी गेट ते थांबा एवढ्या पट्ट्यात निदान एका बाजूला पदपथ आणि थांब्यावर शेड करावी. ते काम कुठल्या खात्याने करायचे हे त्यांचे त्यांनी ठरवावे, मी अर्जाच्या प्रती सगळीकडे दिल्या आहेत.

आपली,
एक ज्येष्ठ रहिवासी
माण, ता. मुळशी, जि. पुणे