रोमा ‘आपले’ आहेत, मग पुढचंही वाचू या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दर ८ एप्रिलला, जागतिक रोमा दिनाच्या निमित्ताने, आपल्याकडे एक लेख ठरलेला असतो. युरोपात ज्यांना ‘जिप्सी’ म्हणत आले ते रोमा मूळचे भारतातले, त्यांच्या भाषेत पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाख’, काळ्याला ‘कालो’ म्हणतात. हे सगळं खरं आहे आणि वाचताना ऊर भरूनही येतो. पण लेख तिथेच संपतो. युरोपात ज्या साम्राज्यांच्या अमलाखाली या माणसांनी शतकं काढली, त्याबद्दल त्यात अवाक्षर नसतं.

ते सारं दप्तरांत आहे. उस्मानी तुर्कांनी १५२२-२३ मध्ये बाल्कनमधल्या रोमांची कराची वेगळी वही केली. लोहार, कल्हईवाले, वाजंत्री असे धंदेसुद्धा तीत लिहिले आहेत. १५३०च्या कायद्यात मुसलमान रोमाला २२ आकचे (तुर्कांची चांदीची नाणी) कर, ख्रिश्चन रोमाला २५. पुढे सतराव्या शतकात जिझियाही बसला, तो मुसलमान रोमांवरसुद्धा. इतर मुसलमानांना माफ असलेला कर यांना मात्र धर्म बदलूनही चुकला नाही! तुर्कांच्या मांडलिक वालाकिया आणि मोल्दाव्हियात (आजच्या रुमानियाच्या भागात) तर मठ आणि जमीनदार रोमांना गुलाम म्हणून बाळगत. ती गुलामगिरी उठली १८५५-५६ मध्ये. हंगेरीत राणी मारिया थेरेसाने त्यांचं नावच पुसून ‘नवे शेतकरी’ म्हणायचं फर्मान काढलं, १७७३ मध्ये आपसातली लग्नं बंद केली आणि मुलं आईबापांपासून काढून परक्या घरी द्यायला लावली. तिच्या मुलाच्या राज्यात आपली भाषा बोलली तर २४ फटके.

हे वाचताना मी सोलापूरची असल्याने मला इथली सेटलमेंट, म्हणजे इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना डांबून ठेवलेली वसाहत, आठवली. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे आजोबा लहानपणी तारेच्या कुंपणाआड राहिलेले. हजेरीची वेळ झाली की म्हातारपणीही ते उठून बसत, असं ती सांगायची. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा ज्यांच्यावर लादला गेला, त्या पारधी, कैकाडी, टकारी कुटुंबांचीही नोंद सरकारच्याच वहीत होती, सरकारच्याच शब्दांत. ३१ ऑगस्ट १९५२ला तो शिक्का कागदावरून पुसला.

रोमांवर संशोधन करणाऱ्यांपुढेही हीच अडचण आहे. वही लिहिली राज्यकर्त्याने, त्यातून माणूस शोधायचा. आपल्या विद्यापीठांत ही दोन्ही दप्तरं शेजारी ठेवून वाचणारे विद्यार्थी तयार व्हावेत, त्यासाठी शिष्यवृत्ती असावी, असं मनापासून वाटतं. आणि आपण पुढच्या ८ एप्रिलला शब्दांच्या यादीबरोबर त्या २२ आकच्यांबद्दलही छापावं, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर