वळीव दिसला की घरी या

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

येळ्ळूरला वळीव सुरू झाला आणि आभाळ भरून आलं की बाबा अजूनही बांधावरच्या चिंचेखाली जाऊन बसतात, असं आई सांगत होती. तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. फोनवर बाबा विषय बदलतात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

बाबा, तुम्ही नेहमी विचारता, सोलापूरच्या माळावर तू नेमकं काय मोजतेस? मी ढगाखालून वर चढणारी हवा मोजते. उन्हाने जमीन तापली की तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर निघते. किलोमीटरभर चढली की साधारण 10 अंशांनी थंड होते, आणि जिथे तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तिथे ढगाचा सपाट तळ दिसतो. वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, तिच्या बळावर हवा आणखी जोरात चढते. तळाशी सेकंदाला दोन-चार मीटर असलेला वेग मोठ्या गडगडाटी ढगाच्या पोटात 20 मीटरपर्यंत, कधी त्याच्याही पुढे जातो. आई, तू दरवर्षी गारांनी झडलेल्या कैऱ्या गोळा करतेस ना? 2 सेंटिमीटरची गार सेकंदाला 15 मीटरच्या आसपास वेगाने खाली येते. तेवढी मोठी होईपर्यंत तिला वर झेलून धरणारी हवाही तितक्याच जोराची असावी लागते.

हे मोजायला आमच्याकडे लायडार आहे. कंबरेइतक्या उंचीची पेटी, वर काच. तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा लेसरचा किरण सरळ आभाळात जातो. हवेतल्या धुळीवर आपटून त्यातला थोडा प्रकाश परत येतो. धूळ वर चाललेली असली की परत येणाऱ्या प्रकाशाची कंपनं किंचित कमी होतात, खाली येत असली की वाढतात. एवढ्याशा फरकावरून हवेचा वेग कळतो. ढगात शिरल्यावर मात्र किरण थेंबांमध्येच अडकतो. पुढचं काम रडारचं, नाहीतर फुग्याचं. हवामानाचा फुगा एरवी सेकंदाला 5 मीटर चढतो. तोच 15 ने चढला तर वरचे 10 हवेचे.

दुपारी तीननंतर संगणकाच्या पडद्यावर लाल पट्टे उभे राहतात, म्हणजे हवा वर चाललेली. ढग डोक्यावर येतो तसा पट्टा रुंद होतो. बाहेर यावं तर पान हलत नाही, नुसत्या घामाच्या धारा. आणि मग पडदा एकदम निळा होतो, म्हणजे हवा खाली यायला लागली. पाठोपाठ माळावरून गार वारा सुटतो, पत्रे वाजतात, काचेवर धुळीचा थर बसतो. मी मऊ फडकं घेऊन धावते. पाऊस अजून आलेलाच नसतो!

हा गार वारा कुठून येतो, ते अमेरिकेत 1946 आणि 1947 मध्ये विमानं थेट वादळी ढगांत घालून तपासलं. बायर्स आणि ब्रॅहम या शास्त्रज्ञांनी त्यावरून ढगाचं आयुष्य मांडलं: आधी हवा नुसती चढते, मग पाऊस आपल्याबरोबर थंड हवा खाली ओढतो, तेव्हा चढणारी आणि उतरणारी हवा शेजारी शेजारी असते, शेवटी सगळी उतरते. सगळ्यात धोका मधल्या टप्प्यात. चढत्या हवेत बर्फाचे कण एकमेकांवर घासून वीज साठलेली असते, आणि ती पावसाच्या आधी, ढगापासून काही किलोमीटर लांबही पडते.

बाबा, तुमची नजर माझ्या यंत्राच्या तोडीची आहे. घारी पंख न हलवता गोल गोल वर जाताना तुम्हीच मला दाखवल्यात. त्या याच हवेवर चढतात. म्हणून तुमच्याच नजरेला विनंती करते. राजहंसगडावरचा ढग कोबीच्या गड्ड्यासारखा फुगत वर चालला असेल तर तो अजून जोरात आहे असं समजा. वीज चमकल्यावर 30 आकडे मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती 10 किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा खोरं तिथेच टाकून घरी या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. चिंचेचा आसरा तर नकोच, उंच झाडावरच वीज आधी पडते.

विजेची सूचना देणारं दामिनी ॲप दादाच्या फोनवर आहेच, तेही बघत जा. पण अंदाज अजून बांधापर्यंत पोचत नाही. 2025 च्या मे महिन्यात सुरू झालेली आपली भारत फोरकास्ट सिस्टिम, म्हणजे संगणकावर हवामानाचा अंदाज काढायची पद्धत, देशाचे चौकोन पाडून अंदाज काढते; तिची एक चौकट 6 किलोमीटरची आहे आणि ढगातला चढता झोत बऱ्याचदा त्याहून अरुंद असतो. मधली जागा हिशेबाने भरावी लागते आणि त्या हिशेबाला खरी मोजमापं लागतात. म्हणून मला हे काम सोडवत नाही, आई. घरापासून लांब राहायचं दुःख मलाही आहे.

रोहिणी निघायच्या आत गोठ्यावरचे पत्रे तारेने आवळून घ्या, दगडांवर भरवसा ठेवू नका. तो गार वारा दगडासकट पत्रा उचलतो. भातपेरणीला चार दिवस यायचं बघते. दादाला पत्र वाचून दाखवायला सांगा आणि बाबा काय म्हणाले ते आईने मला फोनवर खरं खरं सांगावं.

तुमची,
सुमन