खिडकीवरच्या ताई आणि सेतूतल्या दादांचे आभार

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. बंदी उठली तरी दर्या खवळलेला, त्यामुळे नारळी पौर्णिमेपर्यंत हर्णैतल्या आमच्या घरांत पैसा खेळत नाही. नेमकं तेव्हाच भाचीचा इंजिनीअरिंगला नंबर लागला. कॉलेजच्या खिडकीवर सांगितलं, पूर्ण फी भरा, नाहीतर जागा सोडा. बहिणीचा हात गळ्यातल्या मंगळसूत्राकडे गेला.

मागच्या रांगेतल्या एक ताई पुढे आल्या. मोबाइलवर ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय उघडून त्यांनी खिडकीत धरला. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. "ही ओळ वाचा ना साहेब." रांगेतला स्वतःच्या लेकीचा नंबर हुकला, तरी त्या हलल्या नाहीत. साहेब आत विचारून आले आणि प्रवेश झाला.

त्याआधी उत्पन्नाचा दाखला काढून देणारे सेतूतले दादाही आठवतात. लाइट गेलेली, बाहेर धो धो पाऊस. त्यांनी लॅपटॉप गाडीत नेऊन चार्जिंगला लावला आणि अर्ज भरला. वरकड एक रुपया घेतला नाही. झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून म्हणाले, "काकी, भिजवू नका हां."

हॉस्टेल-मेसचा खर्च माफीत येत नाही, तो ओढाताण करून भागवतोय. पण पोरगी शिकतेय. ताई, दादा, हंगामात हर्णैला या. बहीण सुरमई दिल्याशिवाय सोडायची नाही.