दहा दिवसांतले दोन निकाल

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल स्फोटांतल्या बाराही दोषींची निर्दोष मुक्तता केली. ३१ जुलैला राष्ट्रीय तपास संस्थेच्या, म्हणजे एनआयएच्या, विशेष न्यायालयाने मालेगावच्या २००८ च्या स्फोटातले सातही आरोपी सोडले. या दोन्ही निकालांवरची वाचकांची पत्रे मी कात्रणे काढून शेजारी-शेजारी ठेवली. पहिल्या निकालाने जे संतापले होते, ते दुसऱ्याने आनंदले. पहिल्याने ज्यांना न्याय झाल्यासारखे वाटले, त्यांना दुसऱ्याने धक्का बसला. दोन्ही निकालांनी सारखेच अस्वस्थ झालेल्या माणसाचे पत्र मला त्यांत सापडले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

मी उजव्या विचारांचा माणूस आहे. लहानपणी शाखेत गेलो, मत कायम एकाच बाजूला टाकले. २००४ मध्ये पोटा हा दहशतवादविरोधी कायदा रद्द झाला तेव्हा वाईट वाटले. पहलगामच्या हल्ल्यानंतर ७ मे २०२५ रोजी आपल्या सैन्याने सीमेपलीकडचे तळ उडवले तेव्हा अभिमान वाटला, आजही वाटतो. शत्रूला धाक बसलाच पाहिजे आणि तो नुसत्या निषेधाच्या खलित्यांनी बसत नाही, हे माझे मत आहे. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचे वाचून कोणी मला दुसऱ्या गोटात ढकलू नये.

११ जुलै २००६ ला मी फोर्टमधल्या एका बँकेत नोकरीला होतो. संध्याकाळच्या विरार लोकलचा आमचा सहा-सात जणांचा ग्रुप होता, फर्स्ट क्लासचा ठरलेला डबा. त्या दिवशी काम उरकले नाही म्हणून मी मागे थांबलो. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार रोड, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड अशा परिसरांत अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे गेली. आमच्यातला एक मित्र त्यांत होता. रात्रभर आम्ही एका इस्पितळातून दुसऱ्या इस्पितळात हिंडलो, भिंतींवर चिकटवलेल्या याद्या वाचत. तो सकाळी सापडला. ओळख पटली ती हातातल्या घड्याळावरून.

निकालाच्या दिवशी, २१ जुलैला दुपारी त्याच्या पत्नीचा फोन आला. त्यांनी निकालाचे बरे-वाईट काहीच विचारले नाही. एवढेच म्हणाल्या, “भाऊजी, मग केलं कोणी?”

मला उत्तर देता आले नाही. एकोणीस वर्षांनंतर या राज्यातल्या कोणालाच ते देता येत नाही, आणि माझ्या लेखी हा पराभव आहे. मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखालच्या विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली होती. त्यांतला एक २०२१ मध्ये तुरुंगातच मरण पावला. उच्च न्यायालयाने आता जे म्हटले ते वाचले तर मान खाली जाते. सरकार पक्ष खटला सिद्ध करण्यात पूर्णपणे अपयशी ठरला. कबुलीजबाबांतले मजकूर एकमेकांशी जुळणारे आणि छळ करून घेतल्याची शंका यावी असे. साक्षीदारांनी आरोपींना ओळखले ते शंभराहून अधिक दिवस उलटल्यावर. ओळखपरेड घेणाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता. जप्त मालाचे सील धड नव्हते. बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते, तेही शाबीत झाले नाही. त्यात भर म्हणून मुंबई पोलिसांच्याच गुन्हे शाखेने २००८ मध्ये इंडियन मुजाहिदीनच्या ज्या माणसाला पकडले, त्याने हेच स्फोट आपण केल्याचे सांगितले होते आणि पुढे ते विधान फिरवले. एकाच शहराच्या पोलिसांकडे एकाच गुन्ह्याच्या दोन कहाण्या होत्या. खरी कोणती, हे कोणी तडीस नेले नाही.

माझ्या गोटातले मित्र म्हणतात, न्यायालयाने तांत्रिक मुद्द्यांवर सोडले. सील, पंचनामा, ओळखपरेड या गोष्टी तांत्रिक नाहीत. त्या धड नसतील तर खरा गुन्हेगार आज आपल्याच शहरात सुखाने चहा पीत बसला असेल, एवढाच त्यांचा अर्थ होतो. दहशतवादाविरुद्ध कठोर असावे असे ज्याला मनापासून वाटते, त्याने तर पंचनाम्याबद्दल सगळ्यांपेक्षा जास्त काटेकोर असायला हवे.

हे आपल्याला जमत नाही असेही नाही. २००८ च्या २६/११ ला तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली. त्यांनी प्राण दिले, पण कसाब जिवंत हाती लागला. त्याच्यावर उघड खटला चालला, वकील मिळाला, अपील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. सगळे चार वर्षांच्या आत. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले आणि सर्वोच्च न्यायालयाने तेही कायम केले. त्या सुटकेमुळे कसाबची फाशी अधिक भक्कम झाली. पाकिस्तानला त्या निकालात बोट ठेवायला जागा उरली नाही.

आता मालेगाव. २९ सप्टेंबर २००८ ला भिक्कू चौकात मोटरसायकलवरच्या बॉम्बने सहा जण मारले गेले, शंभराच्या आसपास जखमी झाले. तपास आधी हेमंत करकरे यांच्या दहशतवादविरोधी पथकाकडे (एटीएस), २०११ पासून एनआयएकडे. तीनशेवर साक्षीदार तपासले, त्यांतले तीसहून अधिक फितूर झाले. मोटरसायकल कोणाची, आरडीएक्स कोणी आणले, यातले काही सिद्ध झाले नाही. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखालची मंजुरीच सदोष ठरली. खटल्याच्या विशेष सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी २०१५ मध्ये जाहीरपणे आरोप केला की, एनआयएच्या एका अधिकाऱ्याने त्यांना सबुरीने घ्यायला सांगितले. एनआयएने तो नाकारला. पण ज्या खटल्यात असा आरोप सरकारच्याच वकिलाने केला, त्याच्या निकालानंतर पेढे वाटताना आपले हात थोडे तरी थबकायला हवे होते.

जे सुटले ते कायद्याने निर्दोष आहेत, हे मी दोन्ही खटल्यांबाबत सारख्याच मनाने मान्य करतो. मालेगावचे आरोपी, तेव्हाचे लेफ्टनंट कर्नल पुरोहित यांची नऊ वर्षे तुरुंगात गेली, लोकल खटल्यातल्या लोकांची त्याच्या दुप्पट. एकाच्या वर्षांबद्दल हळहळायचे आणि दुसऱ्याची वर्षे मोजायचीसुद्धा नाहीत, हे माझ्याच्याने होत नाही. लोकल खटल्यात सरकार दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयात धावले, ते योग्यच केले. मालेगावच्या सहा मृतांसाठी तशी धावपळ दिसलेली नाही. भिक्कू चौकातल्या घरांतही कोणीतरी विचारत असेलच, मग केलं कोणी?

या राज्यात हे होते, कारण तपास कुठल्या दिशेने जावा हे आपले पक्ष आधीच ठरवून मोकळे होतात. २०१० मध्ये केंद्रीय गृहमंत्री चिदंबरम ‘भगवा दहशतवाद’ म्हणाले. २०१३ मध्ये जयपूरच्या शिबिरात सुशीलकुमार शिंदे ‘हिंदू दहशतवाद’ म्हणाले आणि नंतर त्यांना खेद व्यक्त करावा लागला. खटला उभा असताना गृहमंत्र्याने कोट्यवधी लोकांच्या श्रद्धेला असे विशेषण जोडावे, याचा मला आजही राग आहे. त्याने तपासाचे भले काहीच झाले नाही. एटीएसचा प्रत्येक कागद अर्ध्या देशाला राजकीय वाटू लागला, एवढेच झाले.

पण माझ्या पक्षाने काय केले? मालेगावचा खटला चालू असताना त्यातल्या आरोपीला २०१९ मध्ये भोपाळची उमेदवारी दिली. त्या उमेदवाराने करकरेंना आपला शाप भोवला असे म्हटले. पुढे ते शब्द मागे घेतले, पण मला ते विसरता आलेले नाहीत. करकरे २६ नोव्हेंबरच्या रात्री गोळ्या लागून पडले ते या शहरासाठी. त्यांच्या तपासात चुका असतील, न्यायालयाने त्या दाखवल्या असतील, त्या आपण मान्य करू. पण त्यांच्या मृत्यूचा हिशेब पक्षाच्या वहीत मांडायचा नाही. तिकडे त्यांच्या हौतात्म्यानंतर महिनाभराच्या आत, त्यांना कोणी मुद्दाम तिकडे पाठवले का, अशी शंका केंद्रातले मंत्री असलेल्या अंतुले यांनी काढली होती. तीही तितकीच हीन होती.

युद्धाबाबत थोडक्यात लिहितो. फेब्रुवारी १९९४ मध्ये काश्मीरचा प्रश्न जिनिव्हात मानवाधिकार आयोगापुढे आला, तेव्हा नरसिंह रावांनी शिष्टमंडळाचे नेतृत्व विरोधी पक्षनेते वाजपेयींकडे दिले. सलमान खुर्शीद आणि फारूक अब्दुल्ला सोबत होते. पाकिस्तानला ठराव मागे घ्यावा लागला. कारगिलचे युद्ध २६ जुलै १९९९ ला संपले, तीन दिवसांत सुब्रह्मण्यम समिती नेमली गेली आणि फेब्रुवारीत तिचा अहवाल संसदेत ठेवला गेला. ५२७ जवान गमावल्यावर वाजपेयींच्या सरकारने स्वतःच्याच कारभाराची झडती घेऊ दिली. त्याने ते सरकार कमकुवत झाले नाही. मी त्या परंपरेतला माणूस आहे.

२०१९ च्या एप्रिलमध्ये आमच्याच लातूर जिल्ह्यात, औशाच्या सभेत, पहिल्यांदा मत देणाऱ्यांना ते मत बालाकोटच्या वीरांना अर्पण करायला सांगितले गेले. सांगणारे पंतप्रधान होते आणि मत मी त्यांच्याच पक्षाला दिले होते, तरी ते मला पटले नाही. जवानाचा पराक्रम त्याचा आणि देशाचा. २०१६ च्या सर्जिकल स्ट्राइकनंतर पुरावे मागणारेही मला तितकेच खुपले होते.

पहलगामला २६ जण मारले गेले. त्यांतले सहा आपल्या महाराष्ट्राचे, तिघे एकट्या डोंबिवलीचे. त्यानंतर सुप्रिया सुळे, श्रीकांत शिंदे, शशी थरूर यांच्यासारख्या वेगवेगळ्या पक्षांच्या खासदारांची शिष्टमंडळे जगभर गेली, तेव्हा मला जिनिव्हा आठवले आणि भरून आले. मग जुलैअखेर लोकसभेत चर्चा झाली. एका बाजूने नेहरूंपासूनचा हिशेब काढला, दुसऱ्या बाजूचा सगळा भर युद्धविराम कोणाच्या सांगण्यावरून झाला यावर. २८ जुलैला सुरक्षा दलांनी ते तीन मारेकरी टिपले, ही मोठी कामगिरी होती. पण पर्यटकांनी गजबजलेल्या बैसरनमध्ये त्या दिवशी बंदोबस्त का नव्हता, हे तपासायला कारगिलसारखी समिती नेमली गेली नाही. ती नेमावी. मागणी विरोधकांकडून आली तर राजकारण ठरते, म्हणून ती माझ्यासारख्याने करणे भाग आहे.

आणि महाराष्ट्र सरकारकडे एक मागणी. लोकल आणि मालेगाव या दोन्ही खटल्यांत तपास नेमका कुठे, कोणाच्या हातून आणि का बिघडला, याची चौकशी निवृत्त न्यायमूर्तींकडून करून घ्यावी, दोन्हींची एकत्र आणि एकाच मोजमापाने, आणि अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरते. आमच्या मतदारसंघाचे आमदार माझ्याच पक्षाचे आहेत. या पत्राची एक प्रत मी काल त्यांच्या कार्यालयात नेऊन दिली आणि पोच घेतली. दुसरी प्रत वहिनींना दिली.

आपला,
एक जुना वाचक, बोरिवली